शेवटी कोण जेवलं?

मोई गाव मागं पडलं तेव्हा सादिकानं चपला काढून हातात घेतल्या. डाव्या चपलेचा अंगठा निघोज्यातच तुटला होता आणि तिथून इथपर्यंत ती पाय फरपटत आली होती.

"चांभार दिसतो का बघू कुठं," मी म्हटलं.

"ताई, या रस्त्याला कंटेनरचं चाक दुरुस्त करून मिळेल. चप्पल नाही मिळायची."

पहिली पाळी साडेतीनला सुटली होती. चाकणच्या चौकात एक कंटेनर आडवा झाला आणि कंपनीच्या सगळ्या बसेस पलीकडं अडकल्या. बाकीच्या बायका गेटजवळच्या सावलीत पाय पसरून बसल्या. सादिकानं तासभर वाट बघितली आणि म्हणाली, "चला सुमनताई. चिखली काय परदेशात आहे का?" माझं वय बावन्न आणि गुडघे माझ्यापेक्षा म्हातारे. तरी मी निघाले. त्या पोरीच्या 'चला'ला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

इंद्रायणीच्या पुलावर आलो. खाली पाणी दिसत नव्हतं, सगळी जलपर्णी. कठड्याला टेकून ती म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. दीड वर्ष झालं, मी शिकतेय."

"काय शिकतेयस?"

"एम.एस्सी. पोषण आणि आरोग्य संवर्धन. ऑनलाइन."

"म्हणजे डॉक्टर होणार?"

"नाही हो. डॉक्टर माणूस आजारी पडल्यावर बघतात. मी आजारी पडायच्या आधी बघणार."

"मग तुझ्याकडं येणार कोण? आजारी पडल्याशिवाय बाई कुठं जाते का? आजारी पडली तरी जात नाही."

ती इतकी हसली की शेजारून जाणारा टेम्पोवाला वळून बघायला लागला. मग गंभीर होऊन म्हणाली, "हेच मला लिहायचंय. आपल्या लाईनवरच्या बायकांवर प्रोजेक्ट करणारे. काय खातात, कधी खातात, अंगात रक्त किती आहे. ऑफिसातल्या विजयश्रीनं परवानगीचं पत्रसुद्धा काढून दिलंय. फक्त एक अडचण आहे. नावं लिहायची नाहीत, विद्यापीठाचा नियम आहे. प्रत्येकीला नंबर द्यायचा. पण एकेकीला तीन-तीनदा विचारायचंय. मी दिलेला नंबर त्या लक्षात ठेवतील का?"

"मग डब्याचा नंबर घे की," मी म्हटलं. "तो झोपेतून उठवलं तरी सांगतील."

आमची कंपनी गाडीच्या पोटात असतात त्या वायरींच्या जुड्या बांधते. त्याला हार्नेस म्हणतात. कामाला बहुतेक बायकाच, आणि बहुतेक कंत्राटी. कंत्राटी बायकांना कॅन्टीनचं जेवण नाही. दोन वेळा चहा आणि एक केळं मिळतं. डबा घरून आणायचा. डबे ठेवायला कॅन्टीनबाहेर लोखंडी रॅक आहे, प्रत्येक खणाला नंबर, आणि तोच नंबर प्रत्येकीनं डब्याच्या झाकणावर नेलपॉलिशनं घातलेला. मी कॅन्टीनमध्ये वाढायला असते, त्यामुळं ते रॅक माझ्याच नजरेखाली. सत्तावीसचा डबा राहिला म्हटलं की मला कळतं कुणाचा राहिला.

सादिकानं तिथंच पुलावर ते फोनमध्ये लिहून घेतलं. म्हणाली, "ताई, तुम्हीच माझ्या गाईड व्हायला पाहिजे होतं." मला माझ्या बुद्धीचं मोठं कौतुक वाटलं. चिखलीत शिरेपर्यंत गुडघे दुखले नाहीत.

सादिका तेव्हा तीस वर्षांची होती. लाईनच्या शेवटी उभी राहून तयार हार्नेस तपासायची. एकही उलटी वायर तिच्या हातून पुढं गेली नाही. वडील लालमहंमदचाचा यांचं चिखलीत गॅरेज, आणि गॅरेजवरच्या दोन खोल्यांत घर. शाळा आमच्यासारखीच मराठी, महापालिकेची. पुढं होमसायन्सची पदवी घेतली आणि मग घरची गरज म्हणून कंपनीत लागली.

तिचा अभ्यास मी पुढं डोळ्यांनी बघितला. संध्याकाळी सात वाजता वर्ग सुरू व्हायचा. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. खाली चाचांचा हातोडा चालू. पडद्यावरच्या मॅडम म्हणायच्या, कुणाकडं बांधकाम चाललंय, आवाज बंद करा. सगळं शिकवणं इंग्रजीत. सादिका शाळेच्या दोनशेपानी वहीत इंग्रजी शब्द लिहायची आणि खाली मराठीत अर्थ. काही शब्दांना मराठी नव्हतंच, तिथं तिनं स्वतःचं घातलेलं. 'रिस्क ग्रुप'खाली लिहिलं होतं, 'ज्यांच्याकडं आधी लक्ष द्यायचं त्या बायका.'

पहिल्याच वर्षी मॅडमनी एका नोकरदार बाईचा आठवड्याचा आहार लिहून मागितला होता. बाकीच्यांनी ओट्स आणि ब्रोकोली लिहिली. हिनं बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि शेवग्याचा पाला लिहिला. मार्क कमी आले. मग हिनं प्रत्येक पदार्थात लोह किती, प्रथिनं किती, सगळे तक्ते जोडून पुन्हा पाठवलं. पुढच्या तासाला मॅडमनी तो आहार सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. तिच्या आईला, नूरबीचाचींना, त्याचं काही नव्हतं. मला बघून त्या म्हणायच्या, "देखो सुमनबाई, दुनिया को खाना सिखाती, खुद चाय-खारी पे जीती."

मार्चमध्ये प्रोजेक्ट सुरू झाला. सुरुवात अगदी फसली. फॉर्मवर प्रश्न होता, काल दिवसभरात काय खाल्लं. ज्या बाईला विचारावं ती सांगायची, वरण, भात, भाजी, पोळी, कोशिंबीर. पाहुण्याला सांगावं तसं. मी कॅन्टीनमध्ये उभी राहून रोज डबे बघणारी. यांच्या डब्यात कोशिंबीर मी जन्मात बघितली नव्हती.

"खोटं बोलतात हो ताई," सादिका एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"खोटं नाही. लाज आहे ती. तुला काय खाल्लं ते नाही विचारायचं. घरात कोण कधी जेवतं ते विचार."

दोन दिवस तिनं फॉर्म बाहेर काढलाच नाही. तिसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारच्या बाईला तिनं सहज विचारलं, "काल घरात शेवटी कोण जेवलं? आणि तोवर पातेल्यात काय उरलं होतं?" बाई आधी हसली. मग सांगायला लागली ती मोशी येईपर्यंत थांबली नाही. तेव्हापासून तोच प्रश्न पहिला. त्यातून सगळं बाहेर आलं. शेवटी बाईच जेवते, तोवर भाजीचा रस्सा उरलेला असतो. कंपनीचं केळं रुमालात गुंडाळून लेकरांसाठी घरी जातं. लाईन सोडून लघवीला जायचं तर जागेवर उभं राहायला दुसरी बाई लागते, ती वेळेवर मिळत नाही, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. गौरी-गणपतीत पाळी नको म्हणून गोळ्या घेतात. आणि चक्कर येते. बऱ्याच जणींना येते, पण सुपरवायझरला सांगायचं नसतं.

चकरेचं सांगायला बायका घाबरत होत्या. सादिका मराठीत लिहिलेला कागद वाचून दाखवायची, तुमची माहिती फक्त अभ्यासासाठी आहे, कुणालाही कळणार नाही. कागद ऐकून झाला की बायका माझ्याकडं बघायच्या. मी म्हणायचे, "सांगा ग. तिचा शब्द तो माझा शब्द." एकेचाळीस बायकांनी सांगितलं.

त्यातली स्वरूपा लातूरकडची. हार्नेसच्या बोर्डवर तिच्यासारखा हात कुणाचा चालत नव्हता. ती सादिकाला माझ्यादेखत म्हणाली, "रोज अकरा वाजले की डोळ्यापुढं अंधारी येती. बोर्ड धरून उभी राहते. सुपरवायझरला वाटतंय मी वायर बघायले."

"रोज?"

"रोज म्हंजे रोज. घड्याळ बघायची गरजच न्हाई मला."

आमची सुट्टी गुरुवारची. त्या गुरुवारी सादिका तिला महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेली. रक्त सहा पॉइंट नऊ. बाईला किमान बारा पाहिजे. गोळ्या मिळाल्या, पण स्वरूपानं चारच दिवसांत सोडल्या, पोट साफ होत नाही म्हणून. सादिका तिच्या खोलीवर गेली, गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हे तिच्या सासूलासुद्धा समजावून आली. मग दर गुरुवारी जायची. दोन महिन्यांनी रक्त साडेआठच्या जवळ गेलं. स्वरूपा मला म्हणाली, "ताई, काल अकरा वाजले ते मला कळलंच न्हाई." सादिकानं ते वाक्य वहीत तारीख घालून लिहिलं.

आता विजयश्रीचं सांगते. ती आमच्या कंपनीत वेलफेअर ऑफिसर, म्हणजे कामगारांच्या सोयी-गैरसोयी बघणारी. निगडीची. कॉलेजात ती आणि सादिका एका बाकावर बसायच्या. ती हिला 'सादी' म्हणायची. त्या वर्षी ईदला ती चिखलीत आली, नूरबीचाचींच्या हातचा शीरखुर्मा दोन वाट्या प्यायली, आणि मला म्हणाली, "सादीमुळं आपल्या कंपनीचं नाव होणार बघा, मावशी."

मे महिन्यात एक दिवस ती कॅन्टीनमध्ये आली. सादिका चहा घेत होती.

"सादी, वरच्या लोकांसमोर मांडायचंय. कंत्राटी बायकांना रोज अंडं आणि उसळ सुरू करा म्हणणारे मी. पण आकडे नसतील तर माझं कोण ऐकणार? तुझा तक्ता दे."

"अजून प्रोजेक्ट जमा केलेला नाही ग."

"मला कुठं छापायचाय? आणि नावं तर नाहीतच ना त्यात?"

"नावं नाहीत. नंबर आहेत."

"मग झालं तर."

ती गेल्यावर सादिकानं मला विचारलं, "देऊ का, ताई?" मी म्हटलं, "अंडं मिळणार असेल तर दे की." तिनं त्याच संध्याकाळी पाठवला.

आठवड्यानं ऑफिसातला रणजीत आला. "मावशी, डब्यांच्या रॅकची यादी द्या. नवीन रॅक येणारेत." कुठला खण कुणाचा, याची यादी माझ्या ड्रॉवरमध्ये असते. डबा हरवला तर शोधायला. तिच्यावर पीठ सांडलं होतं. मी पदरानं पुसून त्याच्या हातात दिली.

मी खरंच सांगते, माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. ते नंबर माझ्या लेखी डब्यांचे होते.

जूनमध्ये कंत्राट संपलं. अकरा महिने झाले की आठवडाभर घरी बसवतात आणि मग पुन्हा बोलावतात. दरवर्षीचं आहे. या वेळी चौदा जणींना बोलावणं आलं नाही. स्वरूपा गेटवर आली. मी भाजीचा टेम्पो उतरवून घ्यायला बाहेर होते. कंत्राटदाराचा माणूस तिला म्हणाला, "तू रिस्क ग्रुपमध्ये आहेस. मेडिकल अनफिट."

"मला काय झालंय? मी ठणठणीत हाय."

"अकरा वाजता चक्कर येते ना तुला?"

स्वरूपा नुसती बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.  गेटपासून रस्त्यापर्यंत ती भिंतीला हात लावत गेली.

मी आत जाऊन सादिकाला सांगितलं. ती हातातला हार्नेस तसाच टाकून आली. विजयश्री कॅन्टीनच्या दारातच भेटली. मी काउंटरमागं होते, सगळं ऐकू येत होतं.

"तू काय केलंस, विजू?"

"हळू बोल. आत ये."

"इथंच सांग."

"हे बघ, मी तुझा तक्ता दाखवला. त्यांनी विचारलं, यातल्या चक्कर येणाऱ्या कोण. उद्या एखादी मशीनवर पडली तर जबाबदार कोण? मी काय सांगायचं होतं, माहीत नाही?"

"त्यात नावं नव्हती."

"लिस्ट तर कॅन्टीनमध्येच असते." विजयश्रीनं माझ्या दिशेनं हात केला. "नंबर तूच निवडलेस, सादी. रिस्क ग्रुप हा शब्दसुद्धा तुझाच आहे. चौथा कॉलम. आणि तू तरी काय शिकतेस? आजार व्हायच्या आधी थांबवायचं. मी तेच केलं."

"मी त्यांच्यासाठी अंडं मागितलं होतं."

"ते पुढच्या वर्षी बघू म्हणालेत."

"ईदला माझ्या अम्मीच्या हातचं खाल्लंस तू."

"त्याचा इथं काय संबंध?" विजयश्री म्हणाली, आणि तिचा फोन वाजला म्हणून ती गेली.

सादिकानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी ताटं पुसत होते. पुसलेलीच ताटं पुन्हा पुसत होते.

पुढच्या गुरुवारी स्वरूपाच्या खोलीवर बायका जमल्या. ज्यांचं काम गेलं त्या, आणि ज्यांचं राहिलं त्यातल्याही काही. सादिकाला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली. बसायला कुणी सरकून जागा दिली नाही, ती उभीच राहिली.

"किती दिले कंपनीनं?" एक जण म्हणाली.

"काही नाही. पण तक्ता मीच दिला."

"मोठी शिकायली ना तू," स्वरूपा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "अकरा वाजता. हे मी नवऱ्याला सांगितलं न्हाई, सासूला न्हाई. देवापुढं हात जोडते तेव्हा त्यालाबी लेकरांचंच सांगते, माझं न्हाई सांगत. तुला सांगितलं."

"नंबर होते ना म्हणे आमचे?" दुसरी म्हणाली. "नंबरावरून नाव कसं कळलं त्यांना?"

मी दाराशी बसले होते. यादी माझ्या ड्रॉवरमधली. डब्याचे नंबर घे म्हणणारी मी. दे की म्हणणारीही मीच. हे त्या खोलीत सादिकाला आणि मला, दोघींनाच माहीत होतं. मला माझं कॅन्टीनचं काम जाताना दिसत होतं, आणि माझ्या शब्दावर बोललेल्या या एवढ्या जणींची तोंडं दिसत होती.

"डब्याचे नंबर घ्यायला नको होते," सादिका म्हणाली. "चूक माझी झाली. मला कळायला पाहिजे होतं."

"झालं? एवढंच?" स्वरूपा उठली. फळीवरून गोळ्यांची पाकिटं काढली आणि तिच्या हातात कोंबली. "हे पण ने. तुझ्या कंपनीला दे. आणि परत माझ्या दारात येऊ नको."

सादिका पाकिटं घेऊन दारापर्यंत आली. माझ्या अगदी शेजारून गेली. तिच्या ओढणीचं टोक माझ्या हाताला लागलं. मी वर बघितलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी संध्याकाळी दिवा लावायचे आणि हात न जोडताच उठायचे. गुरुवारचा उपास चालू होता, पण पोथी उघडायला हात होत नव्हता.

सादिकानं नोकरी सोडली. निगडीत एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली, नमुन्यांवर नावं चिकटवायला. तिच्या गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही कोड वापरलेत, कागदावर सह्या आहेत, नियमात बसतं, प्रोजेक्ट जमा करा. हिनं ऐकलं नाही. एकेचाळीस घरं पुन्हा फिरली, माहिती वापरू का विचारायला. सहा जणी हो म्हणाल्या. काहींनी दार लावून घेतलं. एकीच्या नवऱ्यानं जातीवरून, धर्मावरून नको ते ऐकवलं. मग तिनं मॅडमना सगळं खरं कळवलं आणि प्रोजेक्ट मागं घेतला. शिकलेलं सगळं तसंच राहिलं, आणि ते सत्र वाया गेलं. हे सगळं मला चाचींकडून कळलं. सादिका माझ्याशी बोलत नव्हती, आणि मी तिच्या समोर जात नव्हते.

ऑक्टोबरात एका गुरुवारी मी गेले. गॅरेजवरचा जिना चढताना दोनदा थांबले. सादिका पालक निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. चाचींनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या.

मीही पालकाची एक जुडी ओढून घेतली. थोडा वेळ दोघी निवडत राहिलो.

"तू माझं नाव का नाही घेतलंस?" मी विचारलं.

"घेतलं नाही म्हणून मला राग आला नव्हता असं समजू नका, ताई." ती भाजीकडंच बघत होती. "विजूचं मी समजू शकते. तिला वर जायचंय. बायकांचं तर बरोबरच आहे. पण तुम्ही उठून बोलाल असं मला वाटलं होतं. दारापर्यंत येईपर्यंत वाटत होतं. तुमच्याजवळून गेले तेव्हा मी जरा हळू चालले होते. कळलं नसेल तुम्हाला."

"कळलं होतं," मी म्हटलं.

तिनं मान वर केली आणि माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"मी सांगते सगळ्यांना," मी म्हटलं. "आजच सांगते. एकेकीच्या घरी जाऊन सांगते. कॅन्टीनचं काम गेलं तर जाऊ दे."

"सांगा की. ते तुमचं आणि तुमच्या देवाचं आहे, मी त्यात नाही. मी तुम्हाला माफबिफ केलंय असं मनात धरून मात्र जाऊ नका." तिनं पालकाच्या काड्या गोळा करून कागदात गुंडाळल्या. "पण एवढे दिवस थांबलात, आता अजून एक आठवडा थांबा. मला दुसरं काहीतरी पाहिजे तुमच्याकडून."

"काय पाहिजे?"

"स्वरूपा आता कुदळवाडीत एका वर्कशॉपमध्ये जाते. उभं राहून काम. अम्मीनं परवा तिला बाजारात बघितलं. भाजीची पिशवी खाली ठेवून गाडीला धरून उभी होती. गोळ्या जूनपासून बंद आहेत. साडेआठावर गेलं होतं ते आता किती खाली आलं असेल, मला सांगता येत नाही, पण मी रोज त्याचाच विचार करते. येत्या गुरुवारी तुम्ही तिला महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन जा. मी पाठवलं म्हणू नका, माझं नाव निघालं तर ती खोलीबाहेर पडायची नाही. तुम्हाला स्वतःचंच रक्त तपासायचंय, सोबत पाहिजे, असं सांगा. गप्प राहणं तुम्हाला जमतं, ताई. तिचं रक्त तपासून होईपर्यंत राहा. नंतर तिला काय सांगायचं ते सांगा. आणि नऊच्या आत पोचा, त्यानंतर केसपेपरला फार रांग असते. तिला तेवढा वेळ उभं करू नका."